ओहोटीची वेळ बघून निघावं लागतं

आईला पणजीला डॉक्टरकडे न्यायचं म्हटलं की आमच्या घरी आधी भरती-ओहोटीचं कोष्टक बघतात. नदी ओलांडायला फेरीबोट, आणि धक्क्याचा उतार थेट पाण्यात गेलेला. भरतीला बोट वर कोरड्या सिमेंटला टेकते, चार पावलांत आई आत. ओहोटीला तीच बोट पार खाली लागते आणि मधला सगळा पट्टा शेवाळाचा. दोन वर्षांपूर्वी पक्षाघात झाल्यापासून आई वॉकरवर चालते, आणि त्या हिरव्या बुळबुळीवर वॉकरचे रबरी पाय टेकतच नाहीत. खलाशी पोरगेलासा, "माये, राव, हांव धरतां" म्हणत धावत यायचा. चांगला मुलगा. पण दंडाला धरून नेलेलं आईला खपायचं नाही. "मी काय माशांची पाटी आहे?"

मी अर्ज केला: धक्क्यावर रॅम्प करावा. तीन महिन्यांनी उत्तर आलं, रॅम्प उपलब्ध आहे. चूक माझीच. गाड्या चढतात-उतरतात त्यालाही रॅम्पच म्हणतात, आणि तो होताच.

दुसऱ्या खेपेला सुताराकडून लेव्हल आणि मीटरभर लांबीची पट्टी आणली. पट्टी सपाट धरली तर खालच्या टोकाला चौदा सेंटीमीटर फट. म्हणजे साधारण 1:7 चा उतार. व्हीलचेअरसाठी मानक 1:12 आहे, म्हणजे एक मीटर चढायला बारा मीटर लांबी हवी. फोटो काढले, प्रत्येकाखाली तारीख आणि वेळ लिहिली. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 मधलं कलम 41 वाहतुकीच्या सोयींबद्दल आहे, त्याचा उल्लेख केला. सोबत दहा रुपयांचा माहिती हक्काचा अर्ज: पहिल्या अर्जावर कुणी, काय शेरा मारला? उत्तर नाही, पण आठवड्याभरात पाहणीचा फोन आला. मग राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडेही तक्रार नोंदवली. ती केली नसती तर फाईल तिथेच राहिली असती, असं मला अजूनही वाटतं.

इंजिनियर साहेब पौर्णिमेला सकाळी अकराला आले. पाणी काठोकाठ. "कुठे अडचण आहे?" त्यांचंही बरोबर होतं. आमच्याकडे उधाणाच्या दिवसांत भरती दुपारच्या आगेमागे येते आणि ओहोटी संध्याकाळी, ऑफिस सुटताना. म्हटलं, साहेब, पाच वाजता परत या. आले, हे त्यांचं मोठेपण. शेवाळावर दोन पावलं टाकली आणि हात पसरून उभे राहिले.

त्या संध्याकाळी त्यांनीच नीट समजावलं. तरंगता धक्का करता येतो, पाण्याबरोबर वरखाली होतो. पण किनाऱ्यावरून त्यावर जाणारा पूलही कललेला असणार. पाणी दोन मीटर उतरलं आणि पूल बारा मीटरचा असला तर उतार 1:6. आहे त्याहून वाईट! चोवीस मीटरचा पूल हवा, तेवढी जागा नाही, कारण समोर बोट वळते. मी तोवर 'तरंगता धक्का हवाच' म्हणून अडून बसले होते.

शेवटी पदरात पडलं ते असं: उताराच्या एका बाजूला पिवळं रेलिंग, पायी जाणाऱ्यांसाठी खाचा पाडलेली काँक्रीटची पट्टी, शेडमध्ये पाठ टेकायला बाक, आणि शेवाळ घासायची ठरलेली पाळी. पाळी पावसाळ्यात दोनदा चुकली. रेलिंगही सगळ्यात खालच्या ओहोटीला चार हात अपुरं पडतं. व्हीलचेअरवरच्या माणसाला आजही कुणीतरी उचलावंच लागतं; त्याबद्दलचा अर्ज वेगळा दिलाय, तो कुठल्या टेबलावर आहे ते बघायला सोमवारी जायचं आहे.

परवा गेलो तर रेलिंगला टेकून तीन स्कूटर उभ्या, आणि आई हात ठेवते नेमक्या त्याच जागी माशांची पिशवी लटकवलेली. आईने ती काढून स्कूटरच्या सीटवर ठेवली, हात पदराला पुसला आणि बोटीकडे निघाली.