तुम्ही विचारलंत म्हणून: पावलं मोजावीत का?

"तुमच्या मनगटावर ते घड्याळ नाही, मग रोज किती चालणं झालं ते कसं कळतं?" सकाळी बरोबर चालणाऱ्यांपैकी कुणी ना कुणी हे विचारतंच. पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, "आम्ही घ्यावं का?" चालता चालता दिलेलं उत्तर तोकडं पडतं, म्हणून लिहून काढते.

मी दोन वर्षं पावलं मोजली आणि मला त्याचा फायदा झाला. दिवसभर कामात असते म्हणजे भरपूर चालते, अशी माझी समजूत होती. पहिल्या आठवड्यात आकडा साडेतीन हजारांच्या वर गेलाच नाही. दमणं वेगळं आणि चालणं वेगळं, हे मला त्या आकड्याने दाखवलं. 2007 मध्ये अशा मोजणीवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला होता. मोजणाऱ्यांचं चालणं रोज सरासरी अडीच हजार पावलांनी वाढलं होतं, आणि ठरावीक लक्ष्य समोर असण्याचा त्यात मोठा वाटा होता. त्यामुळे मोजणं निरुपयोगी आहे, असं मी कधीच म्हणणार नाही.

लक्ष्य दहा हजारांचंच का, हे मात्र विचारायला हवं. टोकियो ऑलिंपिकनंतर, 1965 मध्ये, एका जपानी कंपनीने कमरेला लावायचं यंत्र बाजारात आणलं. त्याचं नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलं मोजणारं. आकडा आधी नावात आला आणि तिथून जगभर पसरला. 2019 मध्ये सरासरी 72 वर्षांच्या अमेरिकन स्त्रियांवरचा एक अभ्यास आला. रोज सुमारे 2700 पावलं चालणाऱ्यांपेक्षा 4400 चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं, आणि साडेसात हजारांच्या पुढे फारसा फरक दिसला नाही. ज्यांची तब्येत मुळात बरी, त्या जास्त चालतात, हेही त्यात आलंच. तरी, दहा हजार झाले नाहीत म्हणून हिरमुसणाऱ्या प्रत्येकाला मी हे आवर्जून सांगते.

माझं मत खरं बदललं ते बाबांमुळे. खुब्याच्या ऑपरेशननंतर ते वॉकर घेऊन चालायला लागले. हुरूप यावा म्हणून मी माझं घड्याळ त्यांच्या हातात बांधलं. त्या दिवशी ते दुपारी आणि संध्याकाळी, दोन्ही वेळा, घामाघूम होईपर्यंत चालले. रात्री घड्याळात दोनशेसुद्धा नव्हते. "म्हणजे आज मी चाललोच नाही का गं?" त्यांनी विचारलं. मला फार वाईट वाटलं. वॉकर घट्ट धरलेला हात हलत नाही, आणि मनगटावरचं यंत्र मुख्यतः हाताच्या हालचालीवरून पाऊल ओळखतं. शिवाय सावकाश, घासत टाकलेली पावलं त्याच्या हातून सहज निसटतात.

घड्याळ घोट्याला बांधून पाहिलं, आकडा वाढला. पण तोवर माझ्या लक्षात आलं होतं, की आम्हाला हवं होतं ते वेगळंच. बाबांना हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठता येतंय का, हे हवं होतं. फिजिओथेरपिस्टने एक सोपी चाचणी शिकवली: हात छातीवर दुमडून, तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजायचं. पहिल्या दिवशी शून्य. सहाव्या आठवड्यात चार. ती वही आम्ही रोज उघडत होतो, आणि घड्याळ कपाटात गेलं.

मग मी माझ्याकडे पाहिलं. वजनं उचलायचे माझे दोन दिवस केव्हाच सुटले होते, कारण त्याने पावलं वाढत नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शनात पावलांचं कुठलंही लक्ष्य नाही. प्रौढांनी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम करावा, निदान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीसाठी द्यावेत, आणि पासष्टीनंतर तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायामही करावेत, असं त्यात आहे. सलग दहा मिनिटं तरी हवीत, ही जुनी अटही त्यांनी काढून टाकली. आता मी वहीत दोनच गोष्टी लिहिते: भरभर चाललेली मिनिटं आणि ताकदीचे दिवस. भरभर म्हणजे मिनिटाला साधारण शंभर पावलं. पंधरा सेकंदांत पंचवीस मोजली की झालं. बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही, असा तो वेग.

घ्यायचंच असेल तर कॅलरीच्या आकड्यावर जेवण ठरवू नका. 2017 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी मनगटावरची सात यंत्रं तपासली. नाडीचे ठोके बहुतेकांनी ठीक मोजले, पण कॅलरीच्या बाबतीत सर्वांत बऱ्या यंत्राचीही सरासरी चूक 27 टक्के होती. आणि खाण्याचे, वजनाचे आकडे ज्यांच्या मनाला आधीच जाचतात, त्यांना मी स्पष्ट सांगते, हे नकोच.

बाकीच्यांनी आधी दोन आठवडे मोबाइल खिशात ठेवून नेहमीसारखं वागावं, मुद्दाम जास्त चालू नये. तो आकडा पाहून पाय बाहेर पडत असतील, तर मोजत राहा. अंगात ताप असतानाही आकडा पुरा करायला उठावंसं वाटलं, तर थांबा. तोवर खरेदीची घाई नको. दोन आठवड्यांचे आकडे घेऊन या, चालताना बघू.