सणासुदीत रोज एक फोटो, तोही पसाऱ्याचा

सणाचे जुने फोटो कधीतरी सलग उघडून बघा. सगळे एकाच संध्याकाळचे, एकाच भिंतीसमोर, नवे कपडे घालून ओळीत उभे. आधीचे दोन-तीन आठवडे घरात जो काय गोंधळ चाललेला असतो त्याचा एकही फोटो नसतो. म्हणून सण जवळ आला की मी रोज एकच फोटो काढते, आणि शक्यतो सणाचा नाही, त्या दिवसाचा.

म्हणजे माळ्यावरून उतरवलेली खोकी, दिव्यांच्या माळेचा गुंता सोडवत वैतागलेला भाऊ, अर्धी खोडलेली कामांची यादी, भर दुपारी सोफ्यावर आडवे झालेले बाबा. दारातला चपला-बुटांचा ढीग माझा फेव्हरेट, एकही चेहरा न दिसता घरात किती माणसं आलीयत ते कळतं.

जेमी लिव्हिंग्स्टन नावाचा एक अमेरिकन फोटोग्राफर होता, त्याने ३१ मार्च १९७९ पासून रोज एक पोलरॉइड (काढल्या काढल्या कागदावर छापून बाहेर येणारा फोटो) काढला, थेट २५ ऑक्टोबर १९९७ पर्यंत, म्हणजे तो गेला त्या दिवसापर्यंत. त्यात मित्रमंडळी आहेत, जेवणं आहेत, साधेसुधे दिवस आहेत, आणि शेवटी शेवटी आजारपण. पोलरॉइडमध्ये डिलीट करून परत काढायची सोय नाही, मला वाटतं खरी मजा तिथेच आहे. आपण मोबाईलवर एका क्षणाचे वीस काढतो आणि मग निवडायचा कंटाळा येतो म्हणून वीसही तसेच पडून राहतात. एकच काढायचा म्हटलं की आधी बघावं लागतं.

आता थोडं टेक्निकल, कारण घरातला उजेड फार छळतो. पिवळा बल्ब साधारण २७०० केल्विनचा (उजेडाच्या रंगाचं माप) आणि दिवसाचा उजेड ५५०० च्या आसपास, दोन्ही एकत्र आले की फोन गोंधळतो आणि अर्धा चेहरा पिवळा अर्धा निळसर येतो. दिवसा फोटो काढताना सरळ लाईट बंद करा आणि माणसाला खिडकीकडे वळवा, बास. नाईट मोड बऱ्याच फ्रेम घेऊन त्या एकत्र करतो, त्यामुळे झोपलेल्या बाबांसाठी मस्त पण पळणाऱ्या पोरांसाठी बेकार, त्यांचं भूतच येतं. आणि एलईडी माळांच्या फोटोत काळे पट्टे आले तर फोन बिघडलेला नाही, ५० हर्ट्झच्या विजेवर बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये (जिथे सेटिंग हाताने बदलता येतात) शटरचा वेळ १/५० किंवा १/१०० सेकंदावर आणा, बहुतेक वेळा पट्टे जातात.

जो फोटो काढतो तो कुठल्याच फोटोत नसतो, हे तर आहेच. टायमर लावता येतो पण त्यापेक्षा फोन एखाद्या दिवशी घरातल्या लहान पोराच्या हातात द्या, टेबलाच्या उंचीवरून आपण सगळे कसे दिसतो ते एकदा बघाच (हनुवट्या मोजू नका).

फोटोखाली त्याच दिवशी एक ओळ लिहून ठेवते, कोण काय बोललं वगैरे. तारीख फाईलमध्ये असतेच, पण व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो म्हणून पाठवला की ती माहिती गळते, म्हणून घरच्यांना डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा. बाहेर कुठे पोस्ट करायचा तर आधी विचारायचं, झोपलेल्या माणसाला तर नक्कीच.

एखादा दिवस राहिला तर राहू दे, दुसऱ्या दिवशी दोन काढून भरपाई वगैरे करायची नाही.

यावेळी सगळ्यांच्या ४ बाय ६ च्या प्रिंट काढायच्यात. फोनचा फोटो सहसा ४:३ असतो आणि ही प्रिंट ३:२, त्यामुळे कडा कापल्या जातात आणि आडव्या फोटोत नेमकी कोणाची तरी टाळू उडते, तेव्हा काढतानाच वर-खाली (उभ्या फोटोत दोन्ही बाजूंना) जरा जागा सोडा.