फोटो फ्रेमपासून शोरूमच्या दारापर्यंत : आमची वाटचाल

अण्णांचं दुकान मुळात सांगलीत देवांच्या तसबिरी मढवून देण्याचं. त्यातूनच वाड्यांच्या, शाळांच्या खिडक्यांची तावदानं बदलायची कामं आली. काच हिऱ्याच्या कटरनं कापायची, लाकडी चौकटीत चुका म्हणजे बारीक खिळे मारायचे, कडेनं लांबी (पुट्टी) भरायची. तेव्हाच्या शीट काचेत लहरी असत, समोरून जाणारा माणूस तिच्यातून वाकडातिकडा दिसे. नव्वदच्या दशकात सपाट फ्लोट काच सहज मिळू लागली, चौकटींसाठी अ‍ॅल्युमिनियम सेक्शन आले आणि मी धंद्यात शिरलो. आधी स्लायडिंग खिडक्या, मग दुकानांची दर्शनी काचकामं.

आता मागणी बिनचौकटीच्या टफन दारांची. बारा एमएमचं, सात फूट बाय साडेतीन फुटांचं दार सत्तर किलोच्या आसपास जातं. टफन काच भट्टीत सहाशे अंशांच्या वर तापवून हवेच्या झोतानं एकदम गार केलेली असते. त्यानंतर ती कापता येत नाही, तिला भोकही पाडता येत नाही. कुलपाची, पॅच फिटिंगची (काच धरून ठेवणाऱ्या धातूच्या पकडीची) खाच आधीच ठरवावी लागते. म्हणून फरशी पडल्याशिवाय आम्ही माप घेत नाही. इंटिरियरवाले चिडतात, उद्घाटनाची तारीख सांगतात. चिडू देत.

पण आमचं नाव झालं ते दुरुस्तीनं. ‘खिडकी गळते’ म्हणून फोन येतो, तेव्हा बऱ्याचदा काचेचा दोष नसतोच. खालच्या ट्रॅकला पाणी बाहेर जायची भोकं असतात, ती सिमेंटनं नाहीतर रंगानं बुजलेली असतात. ती मोकळी केली, ब्रशपट्टी आणि बेअरिंग बदललं की खिडकी आणखी कैक वर्षं चालते. नवी खिडकी विकायला आलेला हे कशाला सांगेल?

ऑगस्ट 2019 च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली, धोक्याची पातळी 45. पाणी ओसरल्यावर बाजारपेठेतून फोन सुरू झाले : दार हलत नाही. काचा बहुतेक शाबूत होत्या. जमिनीत पुरलेल्या फ्लोअर स्प्रिंगच्या डब्यात गाळ भरला होता. दाराचा सगळा भार आणि ते हळू मिटवण्याचं काम त्या तेलाच्या मशीनवर असतं, आत गाळपाणी गेलं की ते संपलं. लोक नव्या दाराचा भाव विचारत होते. आम्ही सक्शन कपनं दार उचलायचं, डबा खरवडून काढायचा, मशीन बदलायचं आणि तेच दार परत बसवायचं. जुलै 2021 ला पुन्हा तेच.

तेव्हापासून पूरपट्ट्यातल्या दुकानांना आम्ही वरच्या रुळावर सरकणारं दार सुचवतो, यंत्रणा डोक्यावर राहते. काहींना ते गोडाऊनसारखं वाटतं. पैसे त्यांचे, दुकान त्यांचं; फ्लोअर स्प्रिंगही बसवून देतो. डोक्यावरच्या छज्ज्याला मात्र नुसती टफन काच आमच्याकडून मिळणार नाही. फुटली तर तिचे खडे खाली पडतात. तिथं लॅमिनेटेडच, ती फुटली तरी दोन काचांमधल्या फिल्मला चिकटून राहते.

नवीन काम असेल तर विटा, जतपर्यंत जातो. दुरुस्ती मात्र सांगली, मिरज, जयसिंगपूर आणि तासगाव एवढीच घेतो, कारण दुकानाचं दार अडकलं तर त्याच दिवशी पोचता आलं पाहिजे.