दसवड्याला फुगणारं बिल

जून 2023 चं क्लाउडचं बिल 3 लाख 64 हजार रुपयांचं आलं. एरवी ते जीएसटी धरून 2 लाख 10 हजारांच्या आगेमागे असायचं. नवा ग्राहक नाही, नवं काम नाही, आणि एका महिन्यात दीड लाख वर.

मी अकाउंट्स बघते. आमची कंपनी पुण्यातली, धंदा दूध संघांना सॉफ्टवेअर पुरवण्याचा. गावोगावच्या दूध संस्थांमध्ये सकाळ-संध्याकाळ संकलन होतं. लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) हे सगळं काट्यावरून आणि मशीनवरून थेट आमच्याकडे येतं, आणि दर दहा दिवसांनी, म्हणजे दसवड्याला, प्रत्येक उत्पादकाचं बिल आम्ही काढून देतो. पशुखाद्याची कपात, उचल, मागची बाकी, सगळं त्यात. हा कारभार एडब्ल्यूएसच्या, म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउडच्या, मुंबई रीजनमध्ये (तिथल्या डेटा सेंटरांमध्ये) चालतो.

सर्व्हरचं बिल अकाउंट्सच्या बाईने वाचायचं, अशी काही पद्धत आमच्याकडे नव्हती. ते डायरेक्टर सरांच्या क्रेडिट कार्डावरून आपोआप कापलं जायचं आणि मी स्टेटमेंट बघून नोंद टाकायचे. ऑक्टोबर 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेचा नियम लागू झाला आणि 5,000 च्या वरची रक्कम ओटीपीशिवाय कार्डावरून दरमहा कापता येईना. जून 2022 मध्ये मर्यादा 15,000 झाली, पण आमचं बिल तिच्या कितीतरी पुढचं. तेव्हापासून महिन्याच्या सुरुवातीला मीच लॉगिन करते, इनव्हॉइस उघडते, सरांना फोन करून ओटीपी मागते आणि पैसे भरते. या नियमाला ऑफिसात सगळ्यांनी नावं ठेवली. माझं मत उलटं आहे. त्या नियमामुळेच या बिलावर दर महिन्याला एका माणसाची नजर पडायला लागली.

3 जुलैला सकाळी ओटीपी मागण्याआधी मी लॅपटॉप उचलून सीटीओंच्या, म्हणजे तंत्रज्ञान प्रमुखांच्या, टेबलावर नेऊन ठेवला. त्यांनी आकडा बघितला आणि पहिलं वाक्य उच्चारलं, "की लीक झाली."

त्यांची भीती अगदीच फुकाची नव्हती. की म्हणजे खात्याची किल्ली. कुणीतरी चुकून ॲक्सेस की सार्वजनिक कोडमध्ये टाकतो, ती टिपायला बसलेले लोक ती उचलतात आणि तुमच्या खात्यावर कुठल्या तरी भलत्याच देशातल्या रीजनमध्ये मोठमोठी मशीन्स चालू करून क्रिप्टो मायनिंग करतात. तुम्ही मुंबईवर लक्ष ठेवून बसता आणि मीटर पळत असतो साओ पाउलोत. त्यामुळे सकाळभर दार लावून एकेक रीजन तपासणं चाललं. मीही तिथेच, कारण बिलिंगचं लॉगिन माझ्याकडे. सगळे रीजन रिकामे निघाले. खात्यात कुणी काय केलं ते टिपणाऱ्या क्लाउडट्रेलच्या नोंदींमध्येही परका माणूस दिसेना. सीटीओ हायसं वाटून चहाला गेले. मला मात्र हायसं वगैरे काही वाटलं नाही. चोर नाही म्हणजे पैसे घरातल्याच कुणीतरी खर्च केलेत.

मध्येच कुणाला तरी आठवलं की आपण बजेटचा अलर्ट लावलेला आहे, तो का नाही आला? तो आला होता. जूनच्या 20 तारखेनंतर लगेचच ईमेल गेला होता, आदल्या वर्षी नोकरी सोडून गेलेल्या मुलाच्या पत्त्यावर. आणि अनेकांचा समज असतो तसं ते बजेट म्हणजे खर्चाला लावलेलं कुलूप नव्हे. मर्यादा ओलांडली की ते कळवतं, थांबवत नाही. थांबवायचं असेल तर तशी कारवाई वेगळी बांधून ठेवावी लागते, आणि रात्री बिलं निघत असताना कंपनी स्वतःहून बंद पडावी असं आम्हाला तरी नको होतं.

दुपारी इंजिनिअर मंडळींनी आपापल्या समजुतीप्रमाणे शोध सुरू केला. डेटाबेसचा खर्च मागच्या महिन्याइतकाच. बिलं तयार करणारा प्रोग्रॅम फार्गेटवर, म्हणजे स्वतःची मशीन न ठेवता प्रोग्रॅम चालवून देणाऱ्या एडब्ल्यूएसच्या सेवेवर चालतो, तिथे थोडी वाढ होती, पण ती पाचआकडीसुद्धा नव्हती. स्टोरेज जागच्या जागी. "मग राहिलं काय?" असं सीटीओ म्हणाले आणि मी खर्चाची फोड दाखवणाऱ्या कॉस्ट एक्सप्लोररच्या तक्त्यातली ती ओळ दाखवली, जी सगळेजण ओलांडून जात होते. ईसी2-अदर.

"आपल्याकडे ईसी2 नाहीच," आमचा डेवऑप्सचा, म्हणजे सर्व्हर सांभाळणारा, मुलगा म्हणाला. ईसी2 म्हणजे एडब्ल्यूएसची भाड्याची मशीन्स. ते खरंच होतं. मशीन आम्ही भाड्याने घेत नाही, सगळं फार्गेटवर. म्हणूनच त्या ओळीकडे कुणी बघत नव्हतं. पण अकाउंट्समध्ये ज्यांनी दिवस काढलेत त्यांना ठाऊक असेल, "इतर" हा शब्द दिसला की हात आधी तिथे जातो. ते सस्पेन्स खात्यासारखं असतं: ज्याला नेमकं नाव सापडलं नाही, ते सगळं तिथे. मी वर्गवारी सर्व्हिसवरून बदलून वापराच्या प्रकारावर आणली आणि ओळ फुटली. वर नाव आलं, एपीएस3-नॅटगेटवे-बाइट्स. एपीएस3 म्हणजे मुंबई, हे मला इनव्हॉइस वाचून वाचून माहीत झालं होतं. 1 सिंगापूर, 2 सिडनी.

नॅट गेटवे काय ते मला त्या मुलाने कागदावर काढून दाखवलं. आमचे प्रोग्रॅम इंटरनेटवर उघडे नसतात, आतल्या खाजगी नेटवर्कमध्ये असतात. त्यांना बाहेरून काही आणायचं असलं की ते या दारातून जातात. दार ताशी 5.6 सेंट घेतं, हे सगळ्यांना आठवत असतं. शिवाय दारातून जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक जीबीला आणखी 5.6 सेंट घेतं, हे आठवत नसतं. यात लपवाछपवी काही नाही, दरपत्रकात स्वच्छ लिहिलंय.

जूनमध्ये आमच्या दारातून साडेअठ्ठावीस हजार जीबी गेले होते.

सगळे गप्प झाले, कारण तेवढा माल आमच्याकडे नाहीच. अख्ख्या महिन्याचं दुधाचं संकलन, लाखो ओळी धरूनही, मोजक्या जीबीत बसतं. बिलांचे पीडीएफ धरले तरी या आकड्याच्या जवळपास जात नाही. पुन्हा एकदा "कुणीतरी डेटा चोरतंय" हा विषय निघाला.

मी आलेख दिवसवार केला. सपाट रेघ आणि तीन सुळके. 10 जून, 20 जून, 30 जून.

यासाठी कॉम्प्युटरचं शिक्षण लागत नाही. मी सांगलीकडची, आमचे वडील डेअरीला दूध घालायचे. शाळेची फी, किराणा, बी-बियाणं, घरातलं सगळं दसवड्यावर चालायचं. 1 ते 10, 11 ते 20, 21 ते महिनाअखेर. मी म्हटलं, "हा दसवडा आहे. बिलं काढण्याच्या रात्रीच पैसे जातायत." मुलगा म्हणाला, "नाही ताई, रन रात्री एकला सुरू होतो. म्हणजे तारीख 11, 21 आणि 1 यायला पाहिजे." मग त्याचं त्यालाच आठवलं: एडब्ल्यूएसचा दिवस युटीसीने, म्हणजे ग्रिनिचच्या वेळेने, मोजला जातो, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचला त्यांची तारीख बदलते. आमचा रन पहाटे पाचच्या आत आटोपतो. तारखा बरोबर होत्या.

आता पुढचं काम माझ्या सवयीचं होतं. साडेअठ्ठावीस हजार भागिले तीन रात्री, साडेनऊ हजार. आमच्याकडे संस्था 3,800. साडेनऊ हजार भागिले 3,800, अडीच. मी विचारलं, "अडीच जीबीचं असं काय आहे आपल्याकडे, जे प्रत्येक संस्थेमागे एकदा लागतं?"

तो मुलगा उठून उभाच राहिला. "इमेज," तो म्हणाला.

इमेज म्हणजे फोटो नव्हे. प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं सामान एकत्र बांधलेलं गाठोडं, ते ईसीआर नावाच्या कोठीत असतं. पूर्वी एक टास्क, म्हणजे प्रोग्रॅमची एक फेरी, पन्नास-पन्नास संस्था एकामागून एक उरकायचा. बिलं सकाळच्या संकलनाआधी हातात पडत नाहीत अशी संघांची तक्रार होती, म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात रचना बदलली: एक संस्था, एक टास्क, सगळे समांतर. वेग खरोखर वाढला, संघ खूश झाले. पण फार्गेट इमेज जपून ठेवत नाही. प्रत्येक टास्क नव्याने सुरू होतो आणि अख्खं गाठोडं नव्याने ओढतो. त्याच सुमारास पीडीएफमध्ये मराठी अक्षरं नीट यावीत म्हणून त्यात क्रोमियम ब्राउझर आणि फॉन्ट भरले गेले होते, आणि कुठल्याशा बंद पडलेल्या प्रयोगातली भलीमोठी लायब्ररीही तशीच पडून होती. गाठोडं अडीच जीबीचं. एका दूध संस्थेची दोनशे बिलं छापायला दर वेळी अडीच जीबी, नॅटच्या दारातून. फार्गेटचा मीटर इमेज उतरायला लागल्यापासूनच सुरू होतो, म्हणून तिथे ती किरकोळ वाढ दिसली होती. खरा खर्च दारावर होत होता.

हिशोब लावून बघितला. 28,500 गुणिले 5.6 सेंट, 1,596 डॉलर. तेव्हाच्या 82 च्या भावाने 1 लाख 31 हजारांच्या आत-बाहेर, वर 18 टक्के जीएसटी. वाढलेला दीड लाख जागेवर बसला. असा ताळा जुळला की मला जे वाटतं ते अकाउंट्सबाहेरच्या माणसाला समजावता येत नाही.

उपाय ऐकून मात्र मी वैतागले. ईसीआरमधल्या इमेजचे थर प्रत्यक्षात एस3 मध्ये, म्हणजे एडब्ल्यूएसच्या साठवणीच्या सेवेत, साठवलेले असतात, आणि एस3 कडे जायला आतूनच एक वेगळी वाट करता येते, गेटवे एंडपॉइंट. तिला ताशी भाडं नाही, जीबीमागे पैसे नाहीत. फुकट! "मग आधीच का नव्हती?" यावर खोलीत कुणी काही बोललं नाही. मीही ताणलं नाही. पूर्वी महिन्याला सव्वादोनशेच्या आसपास टास्क चालायचे, तेव्हा या वाटेने वाचले असते ते मोजकेच डॉलर.

पुढचा दसवडा आठवड्यावर होता. वाट जोडताना एस3 शी चालू असलेली कनेक्शनं तुटू शकतात, म्हणून दुपारची वेळ धरली, सकाळचं संकलन उरकलेलं आणि संध्याकाळचं सुरू व्हायचं असताना. रूट टेबलमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या वाटांच्या यादीत, एक ओळ वाढली, बस. त्यानंतर त्यांनी इमेजमधली ती लायब्ररी काढून टाकली आणि एका टास्कला वीस संस्था दिल्या. 11 जुलैच्या सकाळी बिलं वेळेत गेली. कॉस्ट एक्सप्लोररमध्ये आकडे एखादा दिवस उशिरा येतात, म्हणून मी 12 तारखेला बघितलं. 10 तारखेचा सुळका शोधावा लागला.

जूनचं बिल आम्ही पूर्ण भरलं. वापर आमचाच होता, भांडायचं कुणाशी? जीएसटीचं क्रेडिट मिळालं तेवढंच.

पण त्या भागाकाराने एक नवं लचांड मागे लावलं. 1 लाख 31 हजार भागिले 3,800, म्हणजे एका संस्थेमागे महिन्याला 34 रुपये, नुसते गाठोडं वाहण्याचे. त्याच जुलैत राज्य सरकारने गाईच्या 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफच्या दुधाला लिटरला किमान 34 रुपये दर ठरवला, त्यामुळे हा आकडा ऑफिसात सगळ्यांच्या तोंडात बसला. सरांनी विचारलं, मग एका संस्थेमागे आपला एकूण सर्व्हर-खर्च किती? आणि एका संघामागे? सांगता येईना, कारण कुठल्याच टास्कला संघाच्या नावाचा टॅग नव्हता. टॅग लावून भागत नाही, ते बिलिंगमध्ये जाऊन वेगळे चालू करावे लागतात, आणि ज्या वापरावर टॅगच नव्हता त्याची फोड मागाहून होत नाही. ऑगस्टपासून ते सुरू झालं. अलर्टही आता माझ्याच ईमेलवर येतात.

पहिल्या पूर्ण महिन्याचा तक्ता मी सरांपुढे ठेवला तेव्हा दिसलं की आमचा सगळ्यात मोठा संघ आम्हाला स्वस्तात पडतो आणि डोंगरी भागातला एक छोटा संघ, जिथे संस्था भरपूर पण दूध कमी, तो जवळजवळ तोट्यात आहे. आम्ही दर लावतो लिटरवर आणि खर्च होतो संस्थेवर. करार बदलायला हवेत असं मी म्हणते. मार्केटिंगवाले म्हणतात, त्या संघाला हात लावू नका, पुढच्या तालुक्याचा संघ त्यांच्याच ओळखीने येतोय. सरांनी अजून निकाल दिलेला नाही.