सिलिंडरचा पाना

त्या मुलाच्या उजव्या हाताचा एक्स-रे मी स्वतः जाऊन पाहिला, कारण तो हात माझ्यामुळे मोडला होता. कोपर आणि मनगट यांच्या साधारण मध्यावर, करंगळीच्या बाजूचे हाड आडवे तुटले होते आणि अंगठ्याच्या बाजूचे हाड जसेच्या तसे होते. अस्थिरोग विभागातल्या निवासी डॉक्टरला आदल्या रात्रीचा प्रकार ठाऊक नव्हता. पडद्याकडे पाहत तो सहज म्हणाला, "याला पोलिसांनी मारलं का? डोक्यावर येणारी लाठी अडवायला माणूस हात वर धरतो, तेव्हा नेमकं हेच हाड जातं." आणि त्याने स्वतःचा हात कपाळापुढे आडवा धरून दाखवला.

मी चौदा वर्षे मुंबईच्या उपनगरातील एका महापालिका रुग्णालयात परिचारक म्हणून काम करतो. रुग्ण आणि नातेवाईक आम्हाला 'ब्रदर' म्हणतात. त्यांपैकी नऊ वर्षे कॅज्युअल्टीत गेली. रात्रपाळीत तिथे काय येते, याची बाहेरच्यांना कल्पना असतेच. नसते ती एवढीच, की दारू प्यायलेला माणूस आणि एमडी हा अमली पदार्थ घेतलेला माणूस यांच्यापुढे उभे राहण्याची रीत पूर्णपणे वेगळी असते. दारुड्याचा तोल गेलेला असतो, त्याचा जोर तोंडात असतो, आणि त्याला थोडा वेळ बोलू दिले, बसायला खुर्ची दिली, तर दहापैकी आठ जण त्या खुर्चीतच झोपतात. एमडी, म्हणजे मेफेड्रोन, फेब्रुवारी २०१५ मध्ये अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत आले. त्याच्या थोडे आधीपासून आम्ही ते कॅज्युअल्टीत पाहू लागलो होतो. त्याचा अंमल दोन-तीन तासांत उतरतो, म्हणून पोरे रात्रभर पुन्हा पुन्हा नाकाने ओढत राहतात. दोन-तीन रात्री न झोपलेला, दात खाणारा, घामाने निथळणारा असा तरुण दारातून आत येतो, तेव्हा त्याचा तोल शाबूत असतो, ताकद नेहमीपेक्षा जास्त वाटते आणि वेदना त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. हात पिरगाळून त्याला थांबवता येईल, असे समजणारे सुरक्षारक्षक मी पाहिले आहेत. थांबत नाही म्हणून ते आणखी पिरगाळतात, आणि मग खांदा निखळतो.

त्या रात्री पावणेतीनच्या सुमारास बावीस-तेवीस वर्षांच्या त्या मुलाला त्याचा थोरला भाऊ आणि एक रिक्षावाला घेऊन आले. डाव्या तळव्याला काच लागली होती आणि रक्त कोपरापर्यंत ओघळले होते. डोळ्यांच्या बाहुल्या दिव्याखालीही मोठ्या होत्या. "ते खाली उभे आहेत," एवढेच तो वारंवार दाराकडे पाहून सांगत होता. अशा वेळी एकाच माणसाने बोलायचे, हळू आणि लहान वाक्यांत बोलायचे. हाताच्या अंतराबाहेर, थोडे तिरके उभे राहायचे. आणि दार त्याच्यासाठीही मोकळे ठेवायचे, स्वतःसाठीही. ओळखपत्राची फीत ओढताच सुटणारी असावी, स्टेथोस्कोप गळ्यात नसावा. यातले काहीच मला नर्सिंगच्या अभ्यासक्रमात शिकवले गेले नाही. एका जुन्या सिस्टरांनी, स्वतःचे नाक एकदा फुटल्यानंतर, नव्या मुलामुलींना उभे करून शिकवले.

मी मात्र त्या क्षणी बोलत नव्हतो. दुसऱ्या ट्रॉलीवरच्या दम्याच्या आजोबांचा ऑक्सिजन संपत आला होता आणि मी सिलिंडर बदलत होतो. ड्यूटीवरच्या डॉक्टर मॅडम, वय सत्तावीस-अठ्ठावीस, त्याची जखम पाहून हात धुण्यासाठी बेसिनकडे वळल्या. ते बेसिन भिंत आणि कपाट यांच्या सांदीत आहे. तिथे शिरलेल्या माणसाला बाहेर पडायला एकच वाट असते. ड्रेसिंगचा ट्रे नेहमीप्रमाणे उघडा होता.

या 'नेहमीप्रमाणे'वर मला थोडे लिहिलेच पाहिजे. मे २०२३ मध्ये केरळातील कोट्टारक्करा येथे, पोलिसांनी जखमेच्या उपचारासाठी आणलेल्या माणसाने शस्त्रक्रियेच्या कात्रीने एका तरुण डॉक्टरचा जीव घेतला. त्यानंतर आमच्याकडेही ठरले, की कात्री, चिमटे आणि ब्लेड बंद खणात राहतील आणि एका वेळी एकच वस्तू बाहेर येईल. दोन आठवडे ते पाळले गेले. मग खणाची कडी तुटली, दुरुस्तीची चिठ्ठी गेली, चिठ्ठीचे स्मरणपत्र गेले, आणि ट्रे पुन्हा ट्रॉलीवर आला. भिंतीवर मात्र २०१० च्या राज्य कायद्याचा फलक ठसठशीत लावलेला आहे: आरोग्यसेवकांवर हल्ला केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड. तीन रात्री न झोपलेल्या माणसाने तो वाचावा, अशी बहुधा अपेक्षा असावी.

बाहेर कुणीतरी ट्रॉली आपटली. तो आवाज होताच मुलाने ट्रेमधली कात्री उचलली आणि तो बेसिनच्या दिशेने मागे सरकला. मॅडमवर धावून गेला, असे मी जबाबात लिहिलेले नाही. तो दारापासून लांब जात होता आणि मॅडम त्या वाटेत होत्या. त्या ओरडल्या. तो त्यांच्याकडे वळला. माझ्या हातात सिलिंडर उघडण्याचा लोखंडी पाना होता. मी "कात्री टाक" असे दोनदा ओरडलो, तीन पावले पुढे गेलो आणि त्याच्या कात्रीच्या हातावर पाना मारला. एकच फटका. कात्री पडली, ती मी पायाने ट्रॉलीखाली ढकलली.

तो फटका बसताना त्याचा हात वर होता, याबद्दल कुणाचेच दुमत नाही. मॅडम सांगतात, की तो हात त्यांच्यावर उगारलेला होता. आमचे वॉर्डबॉय मामा, जे दारात उभे होते आणि ज्यांची नजर माझ्यापेक्षा चांगली आहे, सांगतात की हात वर गेला तो पाना पाहिल्यावर. सीसीटीव्हीचा कॅमेरा केसपेपरच्या खिडकीवर रोखलेला आहे. दाराशी जमलेल्या नातेवाइकांपैकी किमान सहा जणांनी मोबाइल वर धरले होते. मदतीला हात मात्र एकाचाही आला नाही आणि चित्रीकरणात मामांच्या पाठीपलीकडे काही दिसत नाही.

फटक्याने तो थांबला नाही, फक्त निःशस्त्र झाला. मग चौघांनी मिळून त्याला खाली घेतले, आणि खरी भीती मला तिथून पुढे वाटली. सुरक्षारक्षकाने त्याला पालथे पाडून पाठीवर गुडघा रोवला होता. अशा रुग्णाचे शरीर आधीच तापलेले असते, हृदय भरधाव चाललेले असते, आणि पाठीवर वजन आले की छाती फुलत नाही. तो धडपडतो ती श्वासासाठी, आणि धरणाऱ्याला वाटते की हा अजून लढतो आहे. "पाठीवरून उठा" असे मला तीनदा सांगावे लागले. चौथ्यांदा मी रक्षकाला खांद्याने ढकलले. मुलाला कुशीवर वळवले, हातपाय एकेकाने सांध्यांच्या वर धरले, छाती मोकळी ठेवली.

त्याला शांत करणाऱ्या इंजेक्शनची कथा वेगळीच आहे. मिडाझोलाम आमच्याकडे एका मिलिलिटरला एक मिलिग्रॅम अशा कुप्यांत येते, म्हणजे ते शिरेतून देण्यासाठी ठीक. पण ज्याच्या हाताला सुई लावता येत नाही, त्याच्या मांडीत पाच मिलिग्रॅम द्यायचे तर पाच मिलिलिटर पाणी टोचावे लागेल. लोराझेपामचे चार मिलिग्रॅम दोन मिलिलिटरमध्ये बसतात, परंतु ते फ्रिजमध्ये, फ्रिज कुलपात आणि किल्ली सिस्टरांच्या कपाटात. मावशी पळत गेल्या आणि आणले. पँटवरूनच मांडीच्या बाहेरच्या बाजूला दिले. त्यानंतरची सतरा मिनिटे आम्ही त्याला फक्त धरून होतो.

धरलेल्या अवस्थेतच मी बोटातून साखर तपासली: ९६, म्हणजे ठीक. मॅडमना त्या गडबडीत ते विचित्र वाटले. पण काही वर्षांपूर्वी 'नशेबाज' म्हणून बांधून ठेवलेल्या एका भाजीवाल्याची साखर ३१, म्हणजे धोकादायक कमी, निघाली होती, आणि तेव्हापासून मी कुणाच्याही सांगण्यावर विसंबत नाही. ताप १०२.८, नाडी १५६. ओल्या चादरी, पंखा, सलाईन. तो शांत झाला तसे सगळे हळूहळू पांगले. मी स्टूल घेऊन त्याच्या छातीकडे पाहत बसलो, कारण अशा रुग्णाच्या शांत होण्यावर मी कधी भरवसा ठेवत नाही.

पहाटे नोंद लिहिताना वरिष्ठांपैकी एकांनी आपुलकीने सुचवले, की हाताच्या दुखापतीचे कारण 'ट्रॉलीवर आपटल्याने' असे लिहावे. त्यांचा हेतू मला वाचवण्याचा होता, हे मी मानतो. मी 'कात्री काढून घेण्यासाठी कर्मचाऱ्याने लोखंडी पान्याने मारल्यामुळे' असे लिहिले आणि खाली सही केली. सकाळी आलेल्या हवालदारांनी ते वाचून एवढेच विचारले, "कात्री पडल्यानंतर मारलं का?" मी नाही म्हणालो. त्यांनी मान हलवली. नंतर मी भारतीय न्याय संहिता काढून वाचली. कलम ३६ सांगते, की समोरचा नशेत असल्यामुळे त्याचे कृत्य गुन्हा ठरत नसले, तरी त्याच्याविरुद्ध बचावाचा हक्क तेवढाच असतो. आणि कलम ३७ त्या हक्काला गरजेपुरती मर्यादा घालते. हवालदारांचा एक प्रश्न म्हणजे ते अख्खे कलम ३७ होते. माझे कृत्य त्यात बसते, असे मला वाटते.

परंतु ते कलम माझ्या बाजूने लिहिलेले आहे आणि तो एक्स-रे त्याच्या बाजूने. 'ते खाली उभे आहेत' असे सांगत जो मुलगा कोपऱ्यात सरकत होता, त्याच्या दृष्टीने 'ते' वर आले होते, आणि त्यांच्या हातात पाना होता. मी दुसरे काय करू शकलो असतो, याचा हिशेब मी अनेकदा केला आहे: ट्रॉली मध्ये ढकलता आली असती, पण तिच्यावर दम्याचे आजोबा होते, ब्लँकेट टाकता आले असते, पण ते कपाटात होते. प्रत्येक हिशेबात मॅडम त्याच कोपऱ्यात असतात.

तीन आठवड्यांनी तो तपासणीसाठी बाह्यरुग्ण विभागात आला. केस कापलेले, अंगात इस्त्रीचा शर्ट, सोबत आई. त्याने मला ओळखले नाही. प्लास्टरची खोली कुठे आहे, असे त्याने विचारले. कसे लागले, असे मी विचारले.

"जिन्यावरून पडलो, ब्रदर," तो म्हणाला. "मला आठवत नाही. दादा सांगतो."

आई जमिनीकडे पाहत होती. मी त्यांना डावीकडची तिसरी खोली दाखवली.