ट्रेनिंगमध्ये शिव्या, पार्किंगमध्ये लॅन्सर

चाकणच्या एका कारखान्यात परवा क्वालिटीचं ट्रेनिंग उरकून खाली आलो, तर बॅचमधली तीन पोरं माझ्या गाडीभोवती उभी. त्यातला एक धीर करून म्हणाला, "सर, राग मानू नका, पण वर दोन तास मित्सुबिशीची सालं काढलीत आणि खाली मित्सुबिशीचीच लॅन्सर?"

राग कसला मानायचा! मेव्हणा हेच दर दिवाळीला विचारतो. सोसायटीतले काका फाटकात अडवून विचारतात. आरसी रिन्यू करायला गेलो तेव्हा एजंटसुद्धा म्हणाला, "कशाला साहेब, स्क्रॅपला द्या की." यावर माझं एक ठेवणीतलं उत्तर आहे: दीड लिटरचं इंजिन, दोन लाख किलोमीटर झाले, अजून कुरकुर नाही. उत्तर शंभर टक्के खरं आहे, आणि प्रश्न टाळायलाच मी ते वापरतो. त्या पोरांच्या तोंडावरही तेच फेकलं आणि निघालो. मग चाकणच्या चौकात पाऊण तास अडकलो, तेवढ्यात स्वतःचीच लाज वाटली.

म्हणून एकदाच काय ते लिहितो. तुम्ही विचारलंत म्हणून.

आधी गाडीची बाजू, कारण ती कुणी घेत नाही. १९७४ साली सफारी रॅलीत ज्या लॅन्सरने भल्याभल्यांना चिखल चारला, ती जोगिंदर सिंग चालवत होते, केनियातले शीख गृहस्थ. १९७६ साली त्यांनी पुन्हा लॅन्सरच घेऊन तीच रॅली मारली. १९९६ ते १९९९ सलग चार वर्षं टॉमी मॅकिनेन लॅन्सरमध्ये बसून रॅलीचा जगज्जेता झाला. मित्सुबिशीच्याच पजेरोने डाकार रॅली १२ वेळा जिंकली. धूळ खाऊन कमावलेली अब्रू आहे ही.

बोनेटवरच्या तीन हिऱ्यांची गंमत तर ट्रेनिंगमध्ये सांगायची राहूनच जाते. 'मित्सु' म्हणजे तीन आणि 'हिशी' म्हणजे शिंगाडा; शिंगाड्याच्या आकारावरून जपानीत पत्त्यातल्या चौकटच्या आकारालाही तोच शब्द. म्हणजे बोनेटवर खरं तर तीन शिंगाडे आहेत. "उपासाला चालणारी गाडी" असं आमची आई म्हणायची. या घराण्याचा मुंबईशी संबंध तर मोटारींच्याही आधीचा. मित्सुबिशीचे संस्थापक इवासाकी यातारो यांच्या जहाजधंद्यातूनच पुढे निप्पॉन युसेन कायशा ही जहाज कंपनी उभी राहिली आणि १८९३ साली टाटांच्या साथीने तिची मुंबईहून कापूस नेणारी जहाजं सुरू झाली. मोटार करायला १९१७ उजाडलं. मॉडेल ए, कोबेच्या गोदीत बांधलेली, सगळ्या मिळून २२ गाड्या.

बघा, इतिहासात शिरलं की मला बरं वाटतं. लॉकरपाशी यायला नको वाटतं.

तर लॉकर. जुलै २०००. निनावी खबर मिळाल्यावर जपानच्या परिवहन मंत्रालयाची माणसं टोकियोत कंपनीच्या मुख्य कार्यालयात गेली आणि कर्मचाऱ्यांच्या लॉकररूममध्ये त्यांना ग्राहकांच्या तक्रारींचे गठ्ठे सापडले. तक्रारींची विभागणी व्यवस्थित केलेली: 'पी' शिक्का म्हणजे सरकारला दाखवायच्या, 'एच' शिक्का म्हणजे गुप्त. असं १९७७ पासून चालू असल्याचं कंपनीने कबूल केलं. ज्या दोषासाठी जाहीरपणे गाड्या परत बोलवायच्या, तो गुपचूप, ग्राहकाला पत्ता लागू न देता सर्व्हिसिंगमध्ये दुरुस्त करून टाकायचा. याला जपानीत 'यामी काईशू' म्हणतात, अंधारातली दुरुस्ती. सहा लाखांहून जास्त गाड्या परत बोलवाव्या लागल्या आणि अध्यक्षांना पायउतार व्हावं लागलं.

मी तेव्हा ३१ वर्षांचा, भोसरीत एका फोर्जिंगवाल्याकडे, म्हणजे तापवलेलं पोलाद ठोकून सुटे भाग करणाऱ्याकडे, क्वालिटीला. जपान हे आमचं पंढरपूर होतं. भिंतीवर जागा नीटनेटकी ठेवायच्या फाइव्ह-एसचे बोर्ड, दर महिन्याला कायझेनची, म्हणजे छोट्या छोट्या सुधारणांची स्पर्धा, पोका-योके, म्हणजे चूक होऊच न देणारी युक्ती, नीट म्हणता येत नव्हतं तेव्हापासून आम्ही ते करत होतो. त्या वर्षी नोव्हेंबरात क्वालिटी मंथला मला भाषण करायला लावलं. मी मित्सुबिशीच निवडली. मला माझं ते वाक्य अजून पाठ आहे: "ज्या माणसाने पहिला कागद लॉकरमध्ये टाकला, त्याला त्या रात्री झोप कशी लागली असेल?" टाळ्या पडल्या. एमडींनी स्टेजवर पाठ थोपटली.

आता मार्च २००३. हे मी ट्रेनिंगमध्ये कधी सांगितलेलं नाही.

तीनचाकी टेम्पोच्या पुढच्या चाकाचा आर्म, म्हणजे चाक धरून ठेवणारा दांडा, आम्ही करायचो. क्रॅक टेस्टिंगची आमची खोली म्हणजे काळा पडदा लावलेली खोपटी. पीस मशीनवर धरून चुंबकित करायचा, त्यावर ती पावडर घातलेलं पाणी सोडायचं आणि जांभळ्या दिव्याखाली फिरवून बघायचा. चांगला पीस काळा-निळा दिसतो. भेग असेल तर तिथे पावडर गोळा होते आणि पोपटी रेघ चमकते. काजवा चिरडल्यावर बोटाला लागतं ना, तसा रंग.

२८ तारखेच्या रात्री तपासणाऱ्या मुलाने मला बोलावलं. वळणाच्या आतल्या कडेला रेघ, केसाएवढी. दुसऱ्या पिसाला तशीच. १२०० च्या लॉटमध्ये चाळिसेक निघाले. मुलगा म्हणाला, "क्रॅक आहे सर." मी म्हणालो, "लॅप आहे." लॅप म्हणजे फोर्जिंग करताना पृष्ठभागावर पडलेली घडी. वरच्या वर असते, घासली की जाते. क्रॅक आत जाते. दोन्ही दिव्याखाली सारख्याच चमकतात. फरक कळायला पीस कापायचा, घासायचा, लॅबमध्ये पाठवायचा. लॅबला दोन दिवस लागणार आणि ३१ मार्चचं डिस्पॅच तोंडावर. प्लँट हेडचा फोन आला. ओरडले नाहीत, शांतपणे म्हणाले, "तू ठरव. क्वालिटीचा शब्द शेवटचा." ही जी सभ्यता असते ना, तिच्याइतका दाब शिव्यांचा येत नाही.

मी ठरवलं. चाळीस पीस ग्राइंडरवर घेतले. घासल्यावर बहुतेकांची रेघ गेली, सहा-सात जणांची गेली नाही, ते बाजूला काढले. बाकी लॉट 'रिवर्क करून ओके' लिहून सोडला. सही माझी.

खरं तर तिथेच कळायला हवं होतं. सहा-सातांची रेघ घासूनही जात नाही, म्हणजे ती घडी नव्हे. कळलंही होतं. आणि झोप? लागली. चांगली गाढ लागली, मार्च एंडला सगळ्यांना लागते तशी.

ऑगस्टमध्ये ग्राहक कंपनीकडून खोक्यात एक तुटलेला आर्म आला. तुटलेल्या तोंडावर अर्धा भाग गंजलेला आणि काळपट, अर्धा चकचकीत. काळपट म्हणजे जुनी भेग, आधीपासून उघडी असलेली. चकचकीत म्हणजे त्या दिवशी तुटलेली. हे ओळखायला लॅब लागत नाही. हीट कोड, म्हणजे पिसावरचा बॅचचा नंबर, मार्चचा. सोबतच्या कागदावर दोन ओळी: सोलापूरजवळ गाडी पलटी, मालात कांदा, क्षमतेपेक्षा बराच जास्त. चालकाला मार लागला. किती मार, कुठे, ते काही नाही.

तो कागद मी ड्रॉवरमध्ये ठेवला. लपवायला नव्हे हं, 'अभ्यास करून उत्तर देऊ' म्हणून. अकरा दिवस तो डायरीखाली होता. बाराव्या दिवशी साहेब म्हणाले, "त्यांनीच लिहिलंय की ओव्हरलोड होता." मग मी नीट टाइप करून उत्तर पाठवलं: संभाव्य कारण, ओव्हरलोडिंग. त्यांनी ते मान्य केलं. त्यांनाही ते सोयीचंच होतं. स्टॉकमधले उरलेले मार्चचे पीस आम्ही गाजावाजा न करता बदलून दिले. ही आमची अंधारातली दुरुस्ती. रस्त्यावर गेलेल्यांचं काय, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

तुम्ही म्हणाल, ओव्हरलोड होताच ना? होता. सोलापूरच्या रस्त्याने कांद्याचा टेम्पो मापात भरून कधी गेलाय? धड आर्म असता तरी कदाचित तुटला असता. हे मी वीस वर्षं स्वतःला सांगतोय आणि ते खोटं आहे असंही मला सिद्ध करता येत नाही. त्या तुटलेल्या तोंडावरचा काळपट अर्धा भाग मात्र डोळ्यांसमोरून जात नाही.

मग आला मार्च २००४. जानेवारी २००२ मध्ये योकोहामात एका ट्रेलरचं पुढचं चाक निखळलं होतं. १४० किलोचं चाक फूटपाथवरून दोन लहान मुलांना घेऊन चाललेल्या २९ वर्षांच्या आईला लागलं. ती गेली, मुलं जखमी झाली. ट्रक मित्सुबिशीचा. कंपनीचं उत्तर होतं: वाहतूकदाराची देखभाल वाईट. दोन वर्षं तो वाहतूकदार गुन्हेगारासारखा जगला. आणि २००४ मध्ये कंपनीने कबूल केलं की चाक ज्यावर बसतं तो हबच मुळात कमजोर होता. १९९२ पासून अशी ५० च्या वर चाकं निखळली होती. पुढे माजी अध्यक्षांसह अधिकाऱ्यांना अटक झाली. एव्हाना ट्रकचा धंदा 'फुसो' नावाने वेगळा झाला होता, पण माणसं तीच.

ही बातमी मी ऑफिसात चहा पिताना वाचली. त्यांची 'देखभाल', आमचं 'ओव्हरलोडिंग'. फक्त शब्द वेगळे. क्वालिटी मंथचा तो भाषणबाज पोरगा मला समोर दिसला आणि त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. पण त्याचं चुकलं काय होतं? तो बरोबरच बोलत होता. त्याला फक्त ३१ मार्च माहीत नव्हता. नाही, हेही सारवासारवीचंच झालं. त्याला माहीत होता. त्याच्या आधीही तीन मार्च त्याने बघितले होते.

२००६ मध्ये सेकंडहँड गाडी घ्यायला निघालो, तेव्हा २००२ ची लॅन्सर फारच स्वस्तात मिळत होती. पैसे बेताचे होते, गाडी सुंदर होती आणि 'ज्यांनी ही बांधली त्यांनी कुठे कागद लपवले होते' असं म्हणून मी घेतली. तिरुवल्लूरला हिंदुस्तान मोटर्सच्या कारखान्यात बनलेली गाडी, टोकियोतल्या लॉकरशी तिचा काय संबंध? हा युक्तिवाद फसवा आहे, मला कळतं. ज्या माणसाने माझ्या लॅन्सरचं डिझाइन केलं, त्याच्याच मजल्यावर शिक्के मारणारा बसत असेल. आमच्याकडे तरी दोघं एकाच टेबलावर बसायचे. दोघंही मीच होतो.

शहाण्याने २०१६ मध्ये तरी गाडी विकली असती. तेव्हा कळलं की छोट्या गाड्यांच्या मायलेजचे आकडे फुगवलेले होते, ६ लाख २५ हजार गाड्या. तीही चोरी सरकारला सापडली नाही. त्यातल्या बहुतेक गाड्या निस्सानसाठी बनत होत्या, निस्सानने स्वतः मोजून बघितल्यावर आकडे जुळेनात. पुढे निघालं की कायद्याने सांगितलेली चाचणीची पद्धत १९९१ पासूनच धाब्यावर बसवलेली. म्हणजे २००० मध्ये माना खाली घालून माफी मागत होते तेव्हाही, २००४ मध्ये अटका होत होत्या तेव्हाही, पलीकडच्या खोलीत हे चालूच होतं. त्याच वर्षी निस्साननेच कंपनीचा ३४ टक्के हिस्सा घेतला. मला त्या दिवशी खरंच शिसारी आली. 'आता विकतोच' म्हणून फोटोही काढले. सहा गिऱ्हाइकं आली. प्रत्येकाने विचारलं, "काही प्रॉब्लेम आहे का गाडीत?" आणि मी प्रत्येकाला सगळं सांगत बसलो: कुठे ठोकली होती, कुठला पॅनल रंगवलाय, कुठल्या दारात पाणी शिरतं. सहावा तर म्हणाला, "तुम्हाला विकायचीय की नाही?"

बायको म्हणते, "तुला तुझ्यासारखं कुणीतरी लागतं सोबतीला, म्हणून ठेवलीयस." मी म्हणतो, इंजिन चांगलं आहे. ती म्हणते, "तेही असेल."

ट्रेनिंगमध्ये मी अजून मित्सुबिशीच सांगतो. भोसरीचं सांगत नाही. त्या कंपनीत अजून माणसं आहेत, माझी सही असलेली फाइलही असेल कुठेतरी, ही कारणं. चाकणच्या त्या पोराला खरं उत्तर द्यायला हवं होतं का? हवं होतं बहुतेक. पुढच्या महिन्यात त्याच बॅचचा दुसरा भाग आहे. बघू.

नगर रोडला किंवा सोलापूरकडे जाताना भरलेला तीनचाकी टेम्पो पुढे आला की मी ओव्हरटेक करत नाही. त्याच्या शेजारी गाडी आणतो, वेग कमी करतो आणि त्याचं पुढचं चाक बघत बघत थोडा वेळ तसाच जातो. बाहेरून काही दिसत नाही, आर्म मडगार्डच्या आत असतो. मागचे हॉर्न वाजवतात.