कोपऱ्यातले नऊ मीटर

दोन महिने कागदावर आखलेलं आमचं कुंपण गेल्या आठवड्यात एका नियमाने आडवं केलं. दोन रस्ते जिथे मिळतात, त्या बिंदूपासून नऊ मीटरच्या आत कुंपणाची उंची एक मीटरपेक्षा जास्त चालत नाही. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याच्या बांधकामाच्या नियमांतच हे आहे. घरासमोर एरवी दीड मीटरपर्यंत मुभा असते, मागच्या अंगणाला त्याहून उंच चालतं, पण कोपऱ्याला एकच मीटर. त्याहून उंच हवं असेल तर कौन्सिलकडे, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडे, अर्ज करायचा, फी भरायची आणि वाट बघायची.

मला खरोखर राग आला. आपल्याकडे कॉर्नर प्लॉटसाठी लोक चार पैसे जास्त मोजतात. आम्हीही मेलबर्नच्या पश्चिमेला हे जुनं घर घेताना त्याच आनंदात होतो. आता कळतंय की कोपरा म्हणजे दुप्पट काम. समोर सोळा मीटर आणि बाजूच्या रस्त्याला तीस. शेजाऱ्याच्या आणि आपल्या मधलं कुंपण असेल तर १९६८ च्या फेन्सेस अ‍ॅक्टप्रमाणे साध्या कुंपणाचा खर्च साधारण निम्मा-निम्मा वाटला जातो. रस्त्याकडचं मात्र सगळं आपल्याच खिशातून. शिवाय फुटपाथ आणि रस्ता यांच्यामधली गवताची पट्टी, जिला इथे नेचर स्ट्रिप म्हणतात, तीही दोन्ही बाजूंना. जागा कौन्सिलची, गवत कापायचं आपण. एवढं सगळं करून हॉलची खिडकी झाकायची तर म्हणे कंबरेएवढंच कुंपण घाला! रात्री वळणाऱ्या प्रत्येक गाडीच्या दिव्याचा झोत आमच्या हॉलच्या भिंतीवरून फिरतो. लेक सोफ्यावर झोपली असेल तर दचकते.

इथले लोक म्हणतात, तुम्हा लोकांना भिंती फार लागतात. हे मी तीन-चार वेळा ऐकलंय आणि दर वेळी मला ते लागलंय. आमच्या रत्नागिरीकडे वई, म्हणजे कुंपण, घालतात ती शेजाऱ्याला दूर ठेवायला नव्हे. मोकाट गुरं रात्रीत भाजीचा अख्खा वाफा फस्त करतात. पावसाळ्यात ढासळलेला चिऱ्याचा गडगा बाबा दर वर्षी दिवाळीनंतर स्वतः रचायचे, एकेक चिरा फिरवून, बसेल तसा बसवत. ज्यांच्याकडे गुरं सुटी फिरत नाहीत त्यांनी आम्हाला मोकळ्या अंगणाचं महत्त्व सांगू नये, असं मला अजूनही वाटतं.

समोरचे आजोबा साठच्या दशकात माल्टाहून आलेले. आमची टेप आणि दोरी बघून ते शनिवारी आपणहून आले. मी तक्रार सुरू केली तशी त्यांनी सगळी ऐकून घेतली, मग म्हणाले, "दोन काठ्या आण आणि एक चादर." कोपऱ्यावर काठ्या रोवून आम्ही चादर ताणली, मला हव्या असलेल्या उंचीची, माझ्या डोक्याच्याही वर. मग त्यांनी मला त्यांच्या गाडीत शेजारी बसवलं, बाजूच्या रस्त्याने गाडी हळूहळू कोपऱ्यापाशी आणली आणि थांबवली. आमचं घर डाव्या हाताला. नवऱ्याला सांगून ठेवलं होतं, लेकीला स्कूटरवरून फुटपाथने येऊ दे, पण कडेला पोचायच्या आधी थांबव.

मी डावीकडेच बघत होते. चादरीवरची निळी फुलं दिसत होती. स्कूटरच्या चाकांचा आवाज ऐकू येत होता, पण पोर दिसत नव्हती. दिसली तेव्हा ती बंपरपासून हातभर अंतरावर होती आणि तिच्या बापाने तिची कॉलर धरलेली होती.

आजोबांनी चादर एक मीटरवर उतरवली आणि पुन्हा गाडी आणली. या वेळी तिचं पिवळं हेल्मेट चादरीच्या वरच्या काठावरून सरकत येताना मला पार लांबून दिसलं. लहान मुलांना इथे फुटपाथवर सायकल चालवायची परवानगी आहे. आमच्या गल्लीत तर दुपारी शाळा सुटली की रांगच लागते.

अर्ज करायचा विचार त्याच संध्याकाळी सोडला.

मग आखणी नव्याने केली. खड्डे घेण्याआधी ‘बिफोर यू डिग’कडे चौकशी टाकली. ही सेवा फुकट आहे, जमिनीखालून कोणाच्या नळ्या-तारा जातात त्याचे नकाशे मिळतात. आमचा फाटकाचा खांब बरोबर टेलिफोनच्या केबलवर येत होता, तो मीटरभर सरकवला. इथली माती चिकण, हिवाळ्यात बुटाला गोळा होऊन चिकटते आणि उन्हाळ्यात बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिला खड्डा पहारीने घेताना हात भरून आले. वाफ्यांत जिप्सम मिसळलंय. खिडकीसमोर, घराला लागून वेस्ट्रिंजिया लावणार. तिला कापून हवा तो आकार देता येतो आणि ती वाढली की दिव्यांचा झोत अडेल. कोपऱ्यावर लोमॅण्ड्रा, गुडघ्याच्या वर न जाणारी जात. मध्ये कांगारू पॉ नावाचं फुलझाड. मोगरा मात्र कुंडीतच, थंडीत आत घेता यावा म्हणून.

आणि कोपऱ्यावर कुंपणाऐवजी दगडी कट्टा, पंचेचाळीस सेंटीमीटर उंचीचा. दगड इथला ब्लूस्टोन, जुन्या गल्ल्यांतून निघालेला. हाही बेसॉल्टच, आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण. पहिला दगड उचलला तेव्हा त्याच्या एका बाजूला चाकांनी झिजून आलेला गुळगुळीतपणा हाताला लागला. ती बाजू मी वर ठेवायला सांगितलीय, बसायला.

बाबांना व्हिडिओवर सगळं दाखवलं. मला वाटलं, मीटरभर कुंपण बघून हसतील. ते म्हणाले, "अगं, आपला गडगा तरी केवढा होता? त्यावर हात टेकून तुझी आई शेजारच्या काकूंशी तासन्‌तास बोलायची." मला तो छातीएवढा आठवत होता. तेव्हा मी आठ वर्षांची होते.

मग त्यांनी विचारलं, बेडं, म्हणजे फाटक, कुठल्या बाजूला उघडणार? आतल्या बाजूला, बाबा. फुटपाथवर येता कामा नये.